जेसीबी कापायचा कसा?

माझी धाकटी बहीण डोंबिवलीत घरातून केकच्या ऑर्डरी घेते. माझी मुलगी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. दोघींची केकवरून जुंपली म्हटल्यावर कोण कुठल्या बाजूने भांडलं असेल ते सांगायला नको, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. माझ्या नातवाला मेअखेर तीन वर्षं पूर्ण होतात. त्याचा केक भरपूर सजवलेला हवा आणि तो मी माझ्या हातांनी करणार, हा हट्ट दातांच्या डॉक्टरबाईंचा. आणि सजावटीवर जिचा धंदा चालतो ती म्हणत होती, साधा केक कर आणि वेळेवर झोप. मी लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसले होते, त्यामुळे ‘सांग गं हिला’ म्हणायला दोघींनाही मी हाताशी होते. मी फारसं काही सांगितलं नाही. ऐकलं ते लिहिते. राहवणार नाही तिथे तोंड घालीन.

भाची : जेसीबीच करायचाय. पिवळा. पुढे बकेट, मागे खणायचा हात, काळी चाकं.

मावशी : उभा की आडवा?

भाची : म्हणजे?

मावशी : चाकांवर उभा करणारेस, की ताटात चित्रासारखा झोपवणारेस? उभा असेल तर केबिनचं वजन खालच्या स्पंजवर येतं. तासाभरात तो बसतो नि केबिन कलते. मागचा हात तर केकचा होतच नाही. फाँडंटमध्ये टायलोज पावडर मळायची, आकार द्यायचा आणि दोन दिवस वाळवायचा. आमच्याकडे मे महिन्यात वाळतोय कुठला? फाँडंट म्हणजे सगळी साखर, हवेतलं पाणी ओढून घेते. फ्रीजमध्ये ठेवलास तर बाहेर काढल्याबरोबर त्याला घाम फुटतो, रंग ओघळतो.

भाची : तू ऑर्डरीचे करतेस ते?

मावशी : एसी लावून करते. त्याचं बिल येतं. आधाराला आत काठी असते, ती गिऱ्हाइकाला दाखवून देते. लहान मुलाच्या केकात मी टूथपिक घालत नाही, कच्ची स्पॅगेटी खुपसते. चुकून तोंडात गेली तरी टोचणार नाही. आणि एवढं करून मुलं फाँडंट खातात का? सोलून ठेवतात. पार्टी झाल्यावर डिश गोळा करायला एकदा ये माझ्याबरोबर. सगळ्या डिशमध्ये पिवळी सालं.

भाची : मग फाँडंट नको. क्रीमने करीन.

मावशी : कुठल्या क्रीमने?

हा प्रश्न मावशीने अगदी परीक्षेतल्यासारखा विचारला. पुढची दहा मिनिटं तिने जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, हिने हे शिकवायचे वर्ग का काढले नाहीत? दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून जो खोका मिळतो त्यात स्निग्धांश साधारण २५ टक्के. ती कितीही फेटा, उभी राहत नाही. तिशीच्या पुढची लागते. म्हणून बहुतेक केकवाले वनस्पती तेलाची व्हिपिंग क्रीम वापरतात. ती फुगते छान, फुलंही टिकतात, पण टाळूला एक पापुद्रा चिकटून राहतो. लोण्याचं बटरक्रीम चवीला चांगलं, पण लोणी ३५ अंशांच्या आतच वितळायला लागतं आणि मेच्या दुपारी आमच्या स्वयंपाकघराचं तापमान काय असतं ते मला विचारा. उरलं गनाश. गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवायचं. उन्हाळ्यात चॉकलेट क्रीमच्या दुप्पट घ्यायचं, म्हणजे ते थापता येतं आणि टिकतं.

भाची : पण गनाश चॉकलेटी. माझा जेसीबी पिवळा आहे.

मावशी : तुझा का त्याचा?

भाची : त्याचा. तू त्याला बघितलंयस ना? रस्त्यात जेसीबी दिसला की रिक्षा थांबवायला लागते. त्याला गोड अक्षरांत ‘हॅपी बर्थडे’ लिहिलेलं नकोय, जेसीबी हवाय.

मावशी : मान्य. मग आता मला सांग, तो कापायचा कसा?

भाची : सुरीने.

मावशी : अगं, तीन वर्षांच्या पोराला जगात जे सगळ्यात प्रिय ते तू समोर ठेवणार, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावणार आणि त्याच्याच हातात सुरी देऊन सांगणार, काप याचं डोकं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा ससा होता. पोरीने असा हंबरडा फोडला की शेवटी सशाला उचलून फ्रीजमध्ये ठेवला आणि पाहुण्यांना आइस्क्रीम वाटलं. केक माझा, पैसे मिळालेले, पण मला वाईट वाटलं. तेव्हापासून पाचाच्या आतल्या मुलांसाठी प्राण्याचा केक मागितला तर मी आधी विचारते, मानेवर सुरी कोण फिरवणार?

डॉक्टरबाई यावर हसल्या, पण थोडा वेळ गप्पही बसल्या. मग मावशीने मुलीला डिवचायला म्हणून साखरेचा मुद्दा काढला, की तू दातांची डॉक्टर असून हे काय करतेस, आणि तिथेच फसली.

भाची : मावशी, वर्षातून एकदा केक खाणारं मूल माझ्या खुर्चीत येतच नाही. येतं ते दिवसभर बिस्किट चघळणारं आणि रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारं. साखर तोंडात गेली की तिथे आम्ल तयार होतं, ते ओसरायला साधारण अर्धा तास जातो. दिवसातून दहा वेळा थोडंथोडं खाल्लं तर दहा वेळा अर्धा तास. एका बैठकीत केकचे दोन तुकडे खाल्ले तर एकदाच. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त कळतं. वाढदिवसाला मी त्याला केक खाऊ देणार, रात्री दात घासणार, संपलं.

मावशी : पोटाचं काय?

भाची : रोजचं ताट नीट असेल तर एका दिवसाच्या केकने काही होत नाही. मला भीती साखरेची नाही, वरच्या गोळ्यांची आहे. ते चांदीचे टणक गोळे, जेम्स, अख्खे बदाम यातलं काही मी चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या केकवर ठेवणार नाही. हसत-पळत खातात, श्वासनलिकेत जातं. आणि ती चमकी. बाटलीवर ‘विषारी नाही’ लिहिलंय म्हणजे ती खायची आहे असं नव्हे. पोटातून तशीच बाहेर पडते, एवढाच त्याचा अर्थ.

मावशी : हे बरोबर बोललीस. मी चमकी घेताना ‘खाद्य’ लिहिलेलं आणि परवान्याचा क्रमांक असलेलीच घेते. मार्केटात किलोवर मिळते ती हस्तकलेची.

भाची : आणि लाल रंग मला नको. आम्ही मुलांना दातांवरचं किटण दाखवायला गोळी चावायला देतो ना, ती बऱ्याचदा एरिथ्रोसिनची असते. तोच रंग आपल्याकडे खाण्यात चालणाऱ्या आठ कृत्रिम रंगांपैकी एक. चालतो, पण किलोला १०० मिलिग्रॅम वगैरे मर्यादा आहे बहुतेक पदार्थांना. घरी मोजतंय कोण? गडद लाल किंवा काळा यायला लोक अर्धी बाटली ओततात. जीभ दोन दिवस रंगलेली.

मावशी : आणि चवीला कडू. काळा करायचाच तर आधी कोको घालून तपकिरी कर, मग वर रंगाचा एक ठिपका पुरतो. पण तुझा पिवळा सोपा आहे. मे महिना आहे. हापूसचा रस कढईत आटव, पाणी उडालं की दोन चमचे क्रीममध्ये घाल. न आटवता घातलास तर क्रीम फुटेल.

भाची : फिकट येईल. हळद घालू?

मावशी : चिमूटभर, वरच्या क्रीममध्ये. केकच्या पिठात मात्र नको. पिठात सोडा असतो, हळद लाल पडते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ठाऊक आहे ना? तसला जेसीबी होईल.

इथवर तांत्रिक भाग. मला वाटलं, मिटलं. पण खरं भांडण पुढेच होतं आणि ते क्रीमचं नव्हतं.

मावशी : एवढं सगळं कळतंय, तर माझ्याकडून घे ना केक. तू सकाळी नऊ ते रात्री आठ दवाखान्यात. आदल्या रात्री जागणार, पिशवीतून क्रीम बाहेर येईना म्हणून रडणार, सकाळी पोरावर खेकसणार. हे मी दर आठवड्याला बघते. बायका रात्री एक वाजता फोन करतात, ‘ताई, क्रीम पातळ झालंय, काय करू?’ कुणी सांगितलंय? पूर्वी आयांना केक येत नव्हता, मुलं वाढली नाहीत? ग्रँट रोड स्टेशनासमोरच्या मेरवानचा मावा केक घे. १९१४ सालचं दुकान. त्या केकवर काय होतं? काहीही नाही. वरून करपलेला तपकिरी आणि खाली कागद. त्यासाठी लोक उजाडायच्या आत यायचे.

भाची : मावा केक मोठ्यांचा. आणि आमच्या आईने केला की केक. कुकरमध्ये.

मावशी : तो केक होता?

(तो केक होता. जुना ॲल्युमिनियमचा कुकर, शिट्टी आणि रिंग काढलेली, तळाला वाळूचा थर, त्यावर डब्याची झाकणी उलटी घालून भांडं. दहा मिनिटं रिकामा तापवायचा, मग मंद आचेवर पाऊण तास. वरचा भाग फिकट राहायचा म्हणून उलटा करून वाढायचा. वर जॅम आणि खोबऱ्याचा कीस. शेजारणीकडे काचेच्या खिडकीचा गोल विजेचा ओव्हन आल्यावर मी तोही उसना आणलेला आहे. धाकट्या बहिणीने तेव्हा भांडं चाटून खाल्लं होतं, तेव्हा तिला शंका आली नव्हती.)

भाची : मला चव आठवत नाही, मावशी. मला आठवतं की वाळू चाळायचं काम माझं होतं. आणि आई मला बाजूला व्हायला सांगत नव्हती.

मावशी : हां, मग हे वेगळं बोलतेस तू. केक करायचाय, की त्याच्याबरोबर करायचाय? दोन्ही एकदम होत नाही. चांगला जेसीबी करायचा तर पोराला झोपवून करावा लागतो. त्याला बरोबर घेऊन केलास तर जेसीबी होणार नाही, काहीतरी पिवळं होईल.

भाची : होऊ दे पिवळं.

मावशी : आत्ता म्हणतेस. मेहुण्यांच्या घरचे पंचवीस जण येतील, ग्रुपवर फोटो जाईल, तेव्हा काहीतरी पिवळं चालेल?

भाची : माझी एक मैत्रीण मेलबर्नला असते. तिच्या सासूकडे ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’चं मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक आहे, १९८० चं. मुखपृष्ठावर आगगाडी. आत एक बदक आहे, त्याची चोच बटाट्याच्या वेफर्सची. तिकडे आख्ख्या पिढीने त्यातून केक निवडले. मुलं आठवडाभर पानं उलटत बसायची, आया शनिवारी रात्री ते जमवायच्या. कुणाचंच बदक चित्रासारखं यायचं नाही. तरी ती माणसं आज पन्नाशीची झाली आणि त्या वाकड्या बदकाबद्दल प्रेमाने बोलतात.

मावशी : कारण त्यांचं बदक त्यांच्याच आल्बममध्ये राहिलं. शेजाऱ्याचं कसं झालं ते कळत नव्हतं. मला लोक दुसऱ्याच्या केकचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, सेम असाच.

भाची : म्हणून तर ऑर्डर नको. ऑर्डर दिली की मी पण सेम असाच म्हणणार.

मावशी : बरं, आणखी एक. तीन वर्षांच्या मुलाला यातलं काही आठवणार नाही. हे तूच मला मागे सांगितलंस, की साधारण तिसऱ्या वर्षाच्या आधीचं माणसाला आठवत नाही.

भाची : त्याला नाही आठवणार. मला आठवेल. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना ‘आ कर’ म्हणते. एक दिवस माझ्या मुलासाठी हातांनी काही केलं, हे मला आठवायला हवंय. यात त्याचं भलं आहे असं मी म्हणतच नाहीये.

इथे मी मनातल्या मनात मुलीच्या बाजूला गेले. आयांनी केलेल्या सगळ्याच गोष्टी मुलांच्या नावावर कशाला मांडायच्या? काही हौशी आपल्या असतात, त्या आपल्या म्हणून कराव्यात. मावशीला मात्र हे पटलं की नाही कळलं नाही. तिने उठून फ्रीजमधलं पाणी घेतलं, एका बाजूच्याच गालात धरून प्यायली आणि कामाचं बोलायला लागली. माझी बहीण हरली की कामाचं बोलते.

मावशी : तुझ्या सासूबाईंना अंडं चालणार नाही ना?

भाची : नाही. त्यांना आग्रह करून भरवायचा म्हणजे बिनअंड्याचाच. स्पंज बसेल का?

मावशी : का बसेल? अंडं फेटून जी हवा भरतो ती सोड्याकडून घ्यायची. बेकिंग पावडर निघालीच मुळी अशा अडचणीतून. बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड म्हणून एक औषधवाला होता, त्याच्या बायकोला अंडंही चालत नव्हतं आणि यीस्टही. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. घरच्या माणसाच्या पथ्यातून निघालेली गोष्ट आहे ती. आता लिहून घे. २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. कोरडं सगळं दोनदा चाळ. ते चाळायचं काम त्याला दे.

भाची : सांडेल.

मावशी : सांडेलच. खाली पेपर घाल. मग लोणी नि कंडेन्स्ड मिल्क फेट, कोरडं घाल, साधारण अर्धा कप पाणी, शेवटी चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर पडलं की सोडा लगेच फसफसतो, त्यानंतर थांबायचं नाही. ओव्हन आधीच तापलेला हवा. १८० वर अर्धा तास, मग सुरी घालून बघ. फार फेटू नकोस, मैद्याचं चिकट होतं नि केक रबरी लागतो. सहा इंचाच्या भांड्यात अर्ध्या किलोचा होईल.

भाची : पंचवीस माणसांना अर्धा किलो?

मावशी : पाहुण्यांसाठी याच्या दुप्पट-तिप्पट मापाचा ट्रेमध्ये वेगळा कर, चौकोनी वड्या पाड. हा अर्धा किलो फक्त त्याचा. आणि त्याचा जेसीबी करायचा नाही. ऐक, तोंड वाकडं करू नको. याची जमीन करायची. वर गनाश थाप, गुळगुळीत नको, चमच्याने खडबडीत. त्यावर चॉकलेटच्या बिस्किटांचा चुरा, ती माती. एका बाजूला खड्डा खण. आणि त्याचाच खेळण्यातला जेसीबी साबणाने धुऊन, पुसून मातीवर ठेव. सुरी कशाला, तो बकेटने उकरेल.

भाची : ही काय सजावट झाली? खेळणं ठेवलं केकवर.

मावशी : त्याला विचार.

भाची : त्याला काय, तो मातीच्या ढिगावर पण खूश असतो.

मावशी : मग?

भाची : मग मी काय केलं?

मावशी : जमीन केलीस. दोन तास त्याच्याबरोबर बिस्किटं लाटण्याने कुटलीस.

भाची : नाही. थोडातरी जेसीबी मी काढणार. बाजूने. केकच्या कडेला, चपटा, त्या आंब्याच्या क्रीमने.

मावशी : काढ. गनाश फ्रीजमध्ये घट्ट होऊ दे, मग काडीने आधी रेघ मार. नळी वगैरे विकत आणू नको, दुधाची पिशवी धुऊन कोपरा काप, मेंदीच्या कोनासारखी धर. केक ताटात, ताट उपड्या वाटीवर, म्हणजे फिरवता येतो. पण चाकं क्रीमची काढू नकोस, ओघळतील. क्रीमची बिस्किटं लाव.

भाची : चाकं मीच काढणार.

मावशी : ओघळतील.

भाची : ओघळू देत.

चाकांवर त्यांचं पुढेही बरंच चाललं. मुलीच्या आजेसासूबाई दिवा लावून ओवाळणार आणि लगेच मेणबत्ती विझवायची म्हणजे काय, हाही विषय निघाला. तो आमच्या घरात दर वाढदिवसाला निघतो आणि दरवेळी आधी औक्षण, मग पाच मिनिटांनी मेणबत्ती, असाच मिटतो. जावईबापूंना क्रीम फेटायला बसवायचं यावर मात्र तिघींचं एकमत झालं.

भाची : तू आदल्या संध्याकाळी येशील ना? नुसती बसायला. हात लावायचा नाही.

मावशी : येते. शनिवारच्या दोन ऑर्डरी सोडाव्या लागतील.

भाची : त्याचे किती द्यायचे ते सांग.

मावशी : घरच्यांकडून घेते का मी?

भाची : नातेवाईक फुकट केक मागतात म्हणून माझ्याचकडे रडतेस ना दर दिवाळीत? सांग.

मावशी : सामानाचे दे.

भाची : सामान माझंच आहे. तुझ्या वेळेचे सांग. नाहीतर असं करू, तुझी ती उजवीकडची दाढ. पाणीपण त्या बाजूने पीत नाहीस, मगाशी बघितलं मी. उद्या दुपारी दवाखान्यात ये, एक्स-रे काढते, लागलं तर रूट कॅनाल करते. फिटंफाट.

मावशी : लहान मुलांची डॉक्टर आहेस तू.

भाची : बीडीएसला मोठ्यांच्याच दाढा शिकवतात.

मावशी : ताई, कैऱ्या झाल्या का गं पुसून? दे इकडे, मी चिरते. आणि हिला सांग, केकचे हजार रुपये घेईन. रोख.